स्वयंपाकघराच्या भिंतीवर चित्र लावायचंय? आधी भिंत पुसून बघा

सांगली-मिरजेत नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की हॉलच्या भिंतीवर काय लावायचं यावर घरात आठवडाभर खल चालतो. स्वयंपाकघरात मात्र दाराशेजारी कालनिर्णय टांगलं, त्यावर दुधाचा हिशोब आणि सिलिंडर लावल्याची तारीख पडायला लागली, की भिंत सजली असं धरून चालतात. तिथे चित्र लावू म्हटलं तर पहिला शेरा ठरलेला असतो: तेलकट होईल, वाया जाईल. शेरा खराच आहे. म्हणून आधी भिंत काय टिकू देईल ते बघू, चित्र मग निवडू.

माझा नियम सोपा आहे. स्वयंपाकघरात दोनच प्रकारची चित्रं लावावीत. एक, ओल्या फडक्याने पुसता येतं ते. दुसरं, वर्षभराने काढून टाकताना जीव हळहळत नाही ते. या दोन्हींत न बसणारं जे काही असेल, म्हणजे आजोबांचा एकुलता एक फोटो, मैत्रिणीने हाताने काढून दिलेलं जलरंगातलं चित्र, आईचं भरतकाम, ते कितीही शोभलं तरी बाहेरच्या खोलीत. फोटो ओट्यासमोर हवाच असेल तर स्कॅन करून त्याची प्रत भिंतीवर लावा, मूळ फोटो कपाटात ठेवा.

आपल्याकडे स्वयंपाकघरातलं चित्र पूर्वीपासून असंच राहत आलंय. आषाढ अमावास्येच्या सुमारास बाजारात येणारा जिवतीचा कागद आठवा: नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, पोरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. श्रावणात त्याची पूजा होते आणि पुढच्या वर्षी नवा कागद येतो. नागपंचमीला हळद-चंदनाने काढलेले नागही तसेच, मग ते बत्तीस शिराळ्यात काढलेले असोत नाहीतर सांगलीतल्या गावभागात. दहा वर्षं टिकावेत म्हणून ते कुणी काढत नाही. तेव्हा छापील चित्र दोन दिवाळ्यांनंतर पिवळं पडलं तर फार मनाला लावून घेऊ नका.

भिंतीची परीक्षा

जुना पांढरा सुती रुमाल घ्या. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून तो भिजवून घट्ट पिळा आणि भिंतीवर ठिकठिकाणी हातभर जागा पुसा: शेगडीच्या दोन्ही बाजूंना, खिडकीशेजारी, फ्रिजच्या वर, जेवायच्या टेबलामागे, दाराच्या वर. प्रत्येक वेळी रुमालाची स्वच्छ बाजू वापरा. रुमाल जिथे पिवळा होतो तिथे फोडणीचं तेल पोचतंय. अंदाजापेक्षा ते फार लांब जातं. खात्री नसेल तर फ्रिजच्या डोक्यावरून बोट फिरवा, तिथला चिकटा सगळं सांगतो. रुमालावर भिंतीचा रंगच उतरला तर भिंतीला डिस्टेंपर आहे. ते धुता येत नाही आणि त्यावर चिकटपट्टीने लावलेलं काहीही रंगासकट खाली येतं.

तेलाइतकीच वाफही महत्त्वाची. भाताची, डाळीची वाफ दिसते, पण गॅस जळतानाही पाणी तयार होतं हे लक्षात येत नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघरात सोडलं जातं. एक्झॉस्ट पंखा चालू आणि खिडकी उघडी असेल तर त्यातलं बरंच बाहेर जातं. पावसाळ्यात खिडकी बंद ठेवून स्वयंपाक केला तर ते गार भिंतीवर आणि फ्रेमच्या काचेच्या आतल्या बाजूला बसतं. कागदावर तपकिरी ठिपके पडतात ते या ओलीने धरलेल्या बुरशीमुळे.

ओल भिंतीच्या आतूनच येत असेल तर वेगळी परीक्षा आहे. फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंत ओली आहे. रंगाचे पोपडे सुटलेत, पांढरी भुकटी फुलली आहे, म्हणजे लोणा लागलाय, अशा भिंतीवर चित्र टांगून डाग झाकायचा मोह होतो. झाकू नका. मागून ओल लागून चित्रही जाईल. आधी गळती कुठून आहे ते शोधा. बहुधा ती पलीकडच्या न्हाणीघरातून नाहीतर वरच्यांच्या सिंकमधून असते.

जागा

शेगडीच्या मागची भिंत सोडून द्या, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडा. तिथे टाइल्सच बऱ्या. सिंकच्या वर पाणी उडतं, तिथे कागद नको. देवघर स्वयंपाकघरात असेल तर समईच्या काजळीची जागाही मोकळी ठेवा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन येत असेल तर समोरची भिंत छापील चित्रांच्या कामाची नाही. चहाच्या टपरीवरचे जुने देवांचे फोटो निळे पडलेले असतात ना, त्याचं कारण हेच: छपाईतला पिवळा आणि लालसर रंग उन्हाने आधी उडतो, निळा मागे राहतो.

उरतं काय? जेवायच्या टेबलामागची भिंत, फ्रिजशेजारची पट्टी, दाराच्या वरची जागा आणि ओट्याच्या समोरची भिंत. शेवटची मला सर्वांत आवडते. ओट्यावर काम करणाऱ्या माणसाची तिच्याकडे पाठ असते खरी, पण भाजी निवडायला खाली बसलं किंवा पोळ्या झाल्यावर मागे वळलं की समोर तीच येते. आणि तेल तिथे सर्वांत कमी पोचतं.

उंचीबद्दल सर्रास सांगतात की चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवा. उभ्याने बघणाऱ्यासाठी ते बरोबर आहे. पण तुमच्या घरी अजून पाट-पंगत असेल, किंवा आजी खाली बसूनच शेंगा सोलत असतील, तर एक चित्र अडीच-तीन फुटांवर लावून बघा. बसलेल्या माणसाची नजर तेवढ्यावरच असते. टेबल-खुर्ची असेल तर खुर्चीत बसलेल्याचं डोकं फ्रेमला लागणार नाही एवढं अंतर ठेवा, बाकी नियम विसरा.

खिळा ठोकण्याआधी वर्तमानपत्राचा कागद फ्रेमच्या मापाने कापून टेपने लावा आणि दोन-तीन दिवस राहू द्या. फ्रिजचं दार त्यावर आपटतंय का, संध्याकाळी ट्यूबची तिरीप नेमकी तिथे येते का, हे फुकटात कळतं.

आणि कालनिर्णयशी भांडू नका. १९७३ साली पहिल्यांदा निघालेल्या त्या कॅलेंडरची जागा घरातल्या सगळ्यांच्या हाताला पाठ झालेली असते. ते आहे तिथेच ठेवून बाकीची मांडणी त्याच्या भोवतीने करा.

चित्र कोणतं, छापायचं कसं

बाजारात 'किचन' म्हणून मिळणाऱ्या तयार फ्रेममध्ये कॉफीच्या बिया, लिंबं आणि इंग्रजी अक्षरं असतात. ज्या घरात सकाळी चहाच होतो तिथे कॉफीच्या बिया कशाला, हे मला आजवर समजलेलं नाही. आपल्या भागात चित्राला विषयांचा तुटवडा नाही. हळदीचं रुंद पान आणि खाली फुटलेला गड्डा (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं), तासगावकडचा द्राक्षाचा घड आणि शेजारी त्याचाच सुकलेला बेदाणा, कोरेगावचा पट्ट्यापट्ट्यांचा वाघ्या घेवडा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. घरात चित्रकलेची परीक्षा दिलेलं पोर असेल तर ही चार चित्रं त्याच्याकडून एकाच मापाच्या कागदावर काढून घ्या. कासच्या फुलांचे फोटो तर जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. शंभरातला एकच निवडा, ज्यात एकच फूल जवळून दिसतंय असा. अख्ख्या पठाराचा फोटो लहान फ्रेममध्ये नुसता जांभळा डाग दिसतो.

राजा रविवर्म्यांच्या देवी लावायच्या असतील तर हरकत नाही. त्यांच्या छापखान्यातून १८९४ पासून निघालेल्या रंगीत प्रतींनीच तर आपल्या घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पोचवल्या. हल्लीच्या छपाईत मात्र रंग फार भडक करतात. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभं केलं. ते स्वतः चित्रकार होते. तिथे रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. ती एकदा बघून या आणि मग प्रत निवडा. कातडीचा रंग खरा किती मऊ आहे हे डोळ्यांत बसलं की दुकानातला नारंगी चेहरा आपोआप बाजूला ठेवाल.

आता छपाई. मोबाइलमधला फोटो १२ बाय १८ इंच छापायचा तर तो किमान २४०० बाय ३६०० पिक्सेलचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा आक्रसलेला असतो, म्हणून मूळ फाइल मागवा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

सर्वांत सोयीची आणि स्वस्त वाट म्हणजे गावातला फ्लेक्सवाला. दादांच्या वाढदिवसाचे फलक जिथे छापतात तेच दुकान. फक्त तिथे जाऊन 'फ्लेक्स' मागू नका. विनाईलवर छापून, वरून मॅट लॅमिनेशन करून, पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिकच्या फळ्यावर, चिकटवून द्या असं सांगा. चकचकीत लॅमिनेशन घेतलं तर चित्रापेक्षा ट्यूबलाइटच जास्त दिसते. सनबोर्ड हलका असतो, पाण्याने फुगत नाही, पुसता येतो आणि कंटाळा आला की बदलता येतो. उष्णतेने मात्र तो वाकतो, त्यामुळे शेगडीजवळ नको.

कागदावरचं चित्र फ्रेम करून लावणार असाल तर फ्रेमवाल्याला नेमक्या गोष्टी सांगा, नाहीतर तो हॉलसारखीच फ्रेम करून देईल. चित्र आणि काच यांच्यात माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा; कागद काचेला टेकता कामा नये. टेकला की दमट दिवसांत चिकटून बसतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. मागची बाजू टेपने पूर्ण बंद करायची. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली पट्टी नको, वाफेने ती फुगते. अ‍ॅल्युमिनियम, सिंथेटिक किंवा नीट पॉलिश केलेलं सागवान चालेल. काच साधी घ्या. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं पण धूळ ओढून घेतं आणि भांड्याच्या घासणीने चरे पडतात. मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे चिकटवून घ्या, म्हणजे फ्रेम भिंतीपासून जराशी सुटी राहते आणि मागे हवा खेळते.

सूप, परडी, रोवळी भिंतीवर लावायची हौस हल्ली फार वाढली आहे. दिसतं छान, पण बांबूच्या विणीत तेलाची धूळ बसली की ती निघत नाही. पितळेची ताटं लावा, चिंचेने घासायची तयारी असेल तर.

थेट भिंतीवर रंगवायचं असेल तर

इथे मी चैत्रांगण सुचवीन. चैत्रगौरीच्या महिन्यात, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत अंगणात काढायची ही रांगोळी. फ्लॅटमध्ये अंगण नाही, भिंत आहे. चंद्र, सूर्य, पाळण्यातली गौर, तुळशी वृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, कासव, गोपद्म, हत्ती: एकेक चिन्ह लहान आणि साधं असतं. चित्र काढता न येणाऱ्यालाही जमतं, कारण एखादी रेघ वाकडी गेली तरी शेजारची चिन्हं ती सांभाळून घेतात. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा असं केलं की भिंत उगीच भडक होत नाही.

पहिल्यांदा करत असाल तर दोन बाय तीन फुटांहून मोठी चौकट घेऊ नका. भिंत नव्याने गिलावा केलेली असेल तर महिनाभर थांबा, गिलावा पुरता वाळू द्या. जुनी असेल तर हातमोजे घालून कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून चौकटीची जागा धुवा, मग दोनदा साध्या पाण्याने पुसा आणि दिवसभर वाळू द्या. ही पायरी सगळे टाळतात. तेलाच्या थरावर दिलेला रंग काही महिन्यांत सालीसारखा सुटतो आणि मग दोष रंगाच्या कंपनीला.

कडेने मास्किंग टेप लावून चौकट आखा. भोकं, चिरा असतील तर पुट्टी भरा, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, धूळ पुसा. एक हात प्रायमर. तो वाळला की गेरूच्या छटेचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन दोन हात द्या, मध्ये चार-सहा तास सोडून. खरा गेरू पाण्यात कालवून लावू नका. हात लावला की सुटतो, आणि पुसायच्या भिंतीवर तो दिवाळीपर्यंतसुद्धा राहणार नाही. हळदीचंही तेच: कपड्यावरचा तिचा डाग कितीही चिवट वाटला तरी रंग म्हणून उन्हात ती भराभर उडते.

रंग एक रात्र वाळू द्या. सकाळी खडूने चिन्हं आखून घ्या. शिसपेन्सिल नको, तिच्या रेघा पांढऱ्या रंगाखालून डोकावतात. वर मध्यभागी गौर, दोन्ही कोपऱ्यांत चंद्र-सूर्य, बाकीची चिन्हं वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे भरत या, म्हणजे ओल्या रेषेवर मनगट फिरणार नाही. पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, २ आणि ४ नंबरचे गोल ब्रश. रंग साधारण ताकाइतका पातळ हवा. घट्ट असला की रेघ तुटते, पाण्यासारखा झाला की ओघळतो. ठिपक्यांसाठी ब्रशची मागची बाजू वापरा. रेघ चुकली तर ओलेपणीच कापसाने टिपा. वाळली असेल तर वरून गेरूचा रंग फिरवून पुन्हा काढा.

दुसऱ्या दिवशी खडूची भुकटी कोरड्या ब्रशने झटका आणि पाण्यात मिसळणाऱ्या मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात द्या. टेप मात्र शेवटचा हात ओला असतानाच तिरका ओढून काढा, पूर्ण वाळू दिला तर कड उचकटते. त्यानंतर तीन आठवडे साबणाचं फडकं लावू नका.

भाड्याचं घर असेल तर हेच सगळं प्लायवर करा, मागची बाजू आणि कडा रंगवून. घर बदललं की चित्र बरोबर न्या. टाइल्सवर मात्र ब्रशने काही रंगवायला जाऊ नका, तिच्या झिलईवर साधा रंग धरत नाही.

टांगताना

ड्रिल करण्याआधी स्विचबोर्ड बघा. वायर बहुधा त्याच्या सरळ वर किंवा खाली गेलेली असते, त्या उभ्या रेषेत भोक नको. सिंकच्या नळाच्या आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्राच्या वरच्या-खालच्या पट्टीतही नको, तिथे पाण्याची लाइन असते. विटेच्या भिंतीला ६ मिलिमीटरचा बिट, तेवढीच गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी) आणि ३५-४० मिलिमीटरचा स्क्रू पुरे. नव्या इमारतींत राखाडी हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधी गिट्टी सैल होते, दुकानात ब्लॉकसाठीची लांब गिट्टी मागा. टाइलमधून भोक पाडायचं तर फुलीच्या आकारात टेप लावा, टाइलचा बिट वापरा आणि टाइल पार होईपर्यंत मशीन हॅमरवर टाकू नका.

जुन्या वाड्यात मातीच्या भिंतीला खिळा धरत नाही, आणि धरला तरी ठोकताना पलीकडचा पोपडा खाली येतो. तिथे तुळईला हूक लावून साखळीने चित्र सोडा, किंवा कोनाड्यातच टेकवून ठेवा. कोनाडा ही तयार चौकटच आहे. फ्रेम लावल्यावर पाणसळ नसेल तर मोबाइलमधली चालते.

पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर

सांगलीत हा मुद्दा टाळून चालत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी घरात शिरलं; २०१९ मध्ये तर आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तळमजल्याच्या भिंतींनी ते पाणी पिऊन घेतलं आणि ओल पाण्याच्या रेषेच्याही वर चढली. अशी भिंत वरून कोरडी दिसते, आतून महिनोन् महिने वाळत असते. वर सांगितलेली प्लॅस्टिकची परीक्षा पावसाळा संपल्यावर करा, पुन्हा फेब्रुवारीत करा, आणि दोन्हीत उतरली तरच पुट्टी-रंग हाती घ्या. घाईने ऑइलपेंट मारला तर ओल आत कोंडते आणि लोणा फुलून रंग ढकलून देतो. अशा घरात भिंतीवर न रंगवता सनबोर्डवरचं चित्र हुकाला अडकवा. पाणी वाढतंय म्हणाले की आधी माणसं, मग कागदपत्रं, आणि वेळ उरलाच तर चित्र माळ्यावर.

निगा

महिन्यातून एकदा पुसा. पाणी किंवा काच पुसायचा फवारा फ्रेमवर मारू नका, खालच्या कडेतून तो आत शिरतो. फडक्यावर घ्या आणि पुसा. सप्टेंबर संपताना सगळ्या फ्रेम एकदा उतरवून मागची बाजू बघा, बुरशीचा वास येत असेल तर दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा. पोरांची चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली असतील तर ती त्यांनाच बदलू द्या, कोणतं काढायचं यावर तुम्ही मत देऊ नका.

दिवाळीची साफसफाई करताना मात्र क्रम उलटा ठेवा. भिंती, कपाटं आधी झाली तरी चालेल, पण चकल्या-करंज्यांची तळणी उरकल्याशिवाय फ्रेमच्या काचांना हात लावू नका, नाहीतर तेच काम आठवड्यात दोनदा करावं लागेल.